जोतं मोडू नका

(कोल्हापुरात झालेल्या वनहक्क मेळाव्यात आपल्या एका तरुण कार्यकर्तीने केलेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे, बोलीत फारसा बदल केलेला नाही. ज्या वाड्या-वस्त्यांवरून माणसे येऊ शकली नाहीत तिथे हे मोठ्याने वाचून दाखवावे. – संपादक मंडळ)



पुढं बसलेल्या आज्या-आजोबांनो, माझ्या आया-बायांनो, मामा-काकांनो आणि पोरापोरींनो,

शाहूवाडीतनं, राधानगरीतनं, गगनबावड्यातनं, भुदरगड-चंदगडातनं तुम्ही आलाय. काही जण घाट चढून खालच्या कोकणातनं आलेत. कुणी पहाटे वाडी सोडून डांबरी रस्त्यापर्यंत चालत येऊन मग एस.टी. धरली. परतीची गाडी चुकली तर रात्र इथंच काढावी लागंल, हे मला माहीत आहे. म्हणून लांबड लावत नाही.

मला विषय दिलाय 'पर्यावरणपूरक घरं'. हा शब्द मी पहिल्यांदा एका शिबिरात ऐकला. तिथं एक साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. मातीची भिंत, बांबूचं छत, वर कौलं, पुढं मोठी वळचण, मागं परसबाग. भिंत जाड असली की घर उन्हाळ्यात गार राहतं, जवळचं सामान वापरलं की डिझेल वाचतं, असं ते सांगत होते. माझ्या शेजारी आमच्याच भागातली एक मावशी बसली होती. ती माझ्या कानात म्हणाली, "अगं, हे तर आपलंच घर. मग फॉर्मवर ह्याला कच्चं घर का लिहित्यात?"

मावशीचा हा प्रश्न मी अजून विसरले नाही. शहरातल्या माणसानं मातीचं घर बांधलं तर ते पर्यावरणपूरक, त्याचा फोटो पेपरात. आपण बांधलं तर ते कच्चं. आज मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे.

आधी आमच्या घराची गोष्ट सांगते. आमचं जुनं घर वर डोंगरात होतं. माझ्या आजीच्या सासऱ्यानं बांधलेलं. जोतं ओढ्यातल्या दगडांचं, कमरेएवढं उंच. त्याच्यावर मातीच्या भिंती, हात-दीड हात जाड. मधल्या आडोशाला कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप. मेढी किंजळाच्या. वर आधी गवत होतं, नंतर बाबांनी कौलं घातली. पुढं सोपा, मागं परडं, बाजूला गोठा. पावसाळ्यात वाऱ्याच्या अंगाला गवताचा तट्टा बांधायचा, म्हणजे भिंतीवर झड येत नाही. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी. सगळी वाडी एकमेकांच्या घरावर चढायची. ज्याचं घर त्यानं जेवण घालायचं. मजुरी कुणी मागितली नाही आणि कुणी दिली नाही.

मग घरकुल आलं. वरची जागा वनखात्याची, सातबारा आपल्या नावावर नाही, म्हणून वर घरकुल मिळणार नाही असं सांगितलं. खाली गावठाणाजवळ एक गुंठा जागा मिळाली. बाबा खूश झाले. आम्ही पण खूश झालो, खोटं कशाला बोलू? रस्ता जवळ, लाईट जवळ, शाळा जवळ. पैसे पुरंनात म्हणून वरच्या घराची कौलं काढून खाली आणली. वासे आणले. शेवटी जोत्याचे दगड पण काढले आणि नव्या घराच्या पायात घातले. फुकटचा दगड, कशाला सोडायचा?

वरच्या जागेचा आमचा वनहक्काचा दावा त्याआधीच घातलेला होता, पण स्थळपाहणी व्हायची होती. ती दोन वर्षांनी झाली. पाहणीला आलेली माणसं उभी राहिली आणि विचारलं, "घर कुठाय?" बाबांनी हातानं दाखवलं, "हितं." तिथं घाणेरीचं रान माजलं होतं. साहेबांनी लिहिलं : जागेवर घर आढळले नाही.

आमच्या तीन पिढ्या त्या जोत्यावर जगल्या आणि ते जोतं आम्ही आमच्याच हातानं उपटून नेलं. आज आमचा दावा अपिलात आहे. म्हणून मी तुम्हाला ही गोष्ट सांगते आहे. तुमचं जोतं अजून जागेवर असंल तर ते मोडू नका.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. वनहक्क कायदा २००६ सालचा आणि त्याचे नियम २००८ पासून लागू. कायद्याची तारीख १३ डिसेंबर २००५. अनुसूचित जमातीच्या माणसानं त्या तारखेच्या आधीपासून आपण तिथं राहतो, कसतो हे दाखवायचं. इतर पारंपरिक वननिवासी, म्हणजे आपले धनगरवाड्यावरचे बरेच लोक, त्यांना त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवायची आहेत. हिशोब करा. १९३० सालापर्यंत मागं जावं लागतं. त्या वेळी आपल्या आज्या-पणज्याला रेशनकार्ड होतं का? मतदान कार्ड होतं का?

म्हणून नियम १३ मध्ये पुरावे म्हणून काय काय चालतं ते लिहून ठेवलंय. त्यात घर, झोपडी, जमिनीची केलेली सपाटी, बांध हे सगळं आहे. जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा आहे. वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाब आहे. संस्थानी काळातले कागद पण आहेत. हे आपल्या जिल्ह्याला फार महत्त्वाचं आहे, कारण कोल्हापूर १९४९ पर्यंत संस्थान होतं. चराईची जुनी पावती, घरफाळ्याची नोंद कुणाच्या पेटीत असंल तर उंदरांना देऊ नका. एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे, असंही त्याच नियमात आहे. म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा जबाब आणि जागेवरचं जोतं, हे दोन मिळून पुरावा होतो. आणि हा कायदा अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात पण लागू आहे. राधानगरीतल्या, चांदोलीच्या कडेच्या माणसांनी हे लक्षात ठेवा.

म्हणजे बघा, ज्या घराला सरकार 'कच्चं' म्हणतं, तेच घर सरकारच्याच नियमात पक्का पुरावा आहे.

आता पर्यावरणाकडं येते. तुम्ही म्हणाल, पुरावा राहू दे, पण सिमेंटनं काय बिघडतं? बिघडतं ते सांगते. सिमेंट चुनखडीच्या दगडापासून होतं. तो दगड चौदाशे अंशांच्या वर भाजावा लागतो. भाजायला कोळसा लागतो, त्याचा धूर वेगळा, आणि दगड भाजताना त्याच्या पोटातनं पण कार्बन वायू सुटतो. एका ५० किलोच्या गोणीमागं साधारण ३० ते ४० किलो वायू हवेत जातो. जगात माणसं जेवढा कार्बन वायू सोडतात, त्यातला शंभरातला सात-आठ भाग एकट्या सिमेंटचा आहे. हाच वायू हवा तापवतो. मग पाऊस कधी येतच नाही आणि आला की ढग फुटल्यागत येतो. त्याची झळ आधी कुणाला? डोंगराच्या उतारावर राहणाऱ्याला.

वीट घ्या. नदीकाठची सुपीक माती उचलायची आणि भट्टीत भाजायची. त्या भट्टीवर कोण असतं? कातकरी भाऊ-बहिणींनी हात वर करा. उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंबं भट्टीवर जातात, पोरांची शाळा सुटते, आणि पावसाळ्याला परत येतात तेव्हा अंगावर कर्ज तसंच. म्हणजे आपली माणसं भट्टीवर राबून वीट भाजणार, ती वीट टेम्पोतनं आपल्याच डोंगराच्या पायथ्याला येणार, आणि घरकुलाच्या पैशातनं आपण ती विकत घेणार. आणि जिथं रस्ता नाही तिथं वीट, सिमेंटची गोणी, सळी सगळं डोक्यावरनं वर न्यायचं. ज्या वाटेनं आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणतो, त्याच वाटेनं.

मी दगड-मातीचं कौतुक करायला आले नाही. आया-बाया हसतील मला. मातीच्या घराचं काम कुणाच्या अंगावर पडतं? सारवण कोण करतं? आठवड्याला शेण कोण कालवतं? भिंतीला वाळवी लागते. भेगेत विंचू बसतो. कौल सरकलं की रात्रभर घरात भांडी मांडायची. चुलीच्या धुरानं वासे टिकतात, पण बाईचे डोळे जातात. आणि पोरगी देताना पाहुणे पहिल्यांदा स्लॅब आहे का बघतात, हे पण खरं आहे. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेला, कृष्णेला महापूर आला तेव्हा खालच्या गावांत पांढऱ्या मातीची घरं पाण्यात बसली. पाण्यात उभं राहणाऱ्या जागेला नुसती मातीची भिंत चालत नाही. चांदोलीतनं उठवून खाली हातकणंगले-शिरोळकडं वसवलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? जुनं आहे तसंच ठेवायचं असं मी म्हणत नाही. जुन्यातलं शहाणपण ठेवायचं आणि त्याचे दोष काढायचे. आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्यात, सेवाग्रामला गांधीजींची कुटी आहे. माती, लाकूड, बांबू, कौलं. १९३० च्या दशकातली, अजून उभी आहे. देशोदेशीची माणसं चप्पल काढून तिथं आत जातात. तिला कुणी कच्चं घर म्हणत नाही. त्याच वर्ध्यात १९७६ साली देवेंद्रकुमारांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. तिथं मातीच्या घराला वाळवी आणि साप-विंचू कसे अडवायचे, कुंभाराच्या हातच्या नळीसारख्या कौलांची कमान करून लाकडाशिवाय छत कसं करायचं, ह्यावर काम झालं. म्हणजे मातीचं घर सुधारता येतं. ते काम करणारी माणसं आपल्या राज्यात आहेत.

आता आपल्या डोंगरात करता येण्यासारख्या गोष्टी सांगते. पोरांनी वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट जोतं. दगडाचं आणि उंच, निदान दोन फूट. मातीच्या भिंतीला पावसाचा मारा जसा शत्रू, तशीच खालनं चढणारी ओल पण शत्रू आहे. जोत्याच्या वर भिंत सुरू होताना दगडाचा किंवा चुन्याचा एक सलग थर द्या. वाळवी पण तिथंच दिसते, आणि दिसली की झाडता येते.

दुसरी गोष्ट वळचण. भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट आली पाहिजे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथं वळचण आखूड ठेवून सिमेंटचा गिलावा केला तरी भिंत घाम फुटल्यागत ओली राहते. आमच्या खालच्या घरात जुलैत भिंतीवर बुरशी येते आणि एप्रिलमध्ये स्लॅब रात्री दहापर्यंत ऊन ओकतो. वरच्या घरात हे दोन्ही नव्हतं.

तिसरी गोष्ट माती. सगळी माती भिंतीची नसते. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती घाला, वर पाणी भरा, जोरात हलवा आणि एक दिवस ठेवा. खाली रेती बसते, मधे गाळ, वर चिकणमाती. चिकणमाती फार असली तर भिंत वाळताना तडकते. मग रेती मिसळा, भाताचं काड मिसळा. पक्की वीट हवी असंल तर चाळलेल्या मातीत शंभराला पाच ते आठ भाग सिमेंट घालून साच्यात दाबायची आणि तीन-चार आठवडे पाणी मारायचं. भट्टी लागत नाही, वीट भाजावी लागत नाही. सिमेंट अजिबात वापरू नका असं मी म्हणत नाही. चिमूटभर लागतं तिथं चिमूटभर वापरा, एवढंच.

चौथी गोष्ट बांबू. आपल्याकडं मेस आहे, चिवा आहे. कोवळा बांबू घरात घालू नका, तीन वर्षांचा झालेला घ्या. पावसाळा संपल्यावर तोडा आणि वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवा, म्हणजे त्यातली साखर निघून जाते आणि पोखरकिडा लागत नाही. हे आपल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं, आपण विसरलो.

पाचवी गोष्ट चूल. चुलीला धुराडं पाहिजेच. छपरात दोन काचेची कौलं बसवली की दिवसा लाईट लागत नाही. न्हाणीचं पाणी शोषखड्ड्यात, नाहीतर परड्यातल्या केळीला. ह्याला फार पैसे लागत नाहीत, पण घरातल्या बाईचं आयुष्य वाढतं. पुरुष मंडळींनो, घर बांधताना चुलीची जागा घरातल्या बाईला विचारून ठरवा.

सहावी गोष्ट घराची जागा. ही सगळ्यात जिवाची आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी गेली. दोन्हीकडं आपलीच आदिवासी माणसं. घर मातीचं असो नाहीतर सिमेंटचं, डोंगर आला की दोन्ही जातात. म्हणून घराच्या मागचा उतार जे.सी.बी.नं उभा कापू नका. पावसात जमिनीला नवीन भेग पडली, झाडं तिरकी झाली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ आलं, तर रात्री त्या घरात झोपू नका. आधी माणूस, मग जोतं. जागा सोडावीच लागली तर सोडा. पण सोडण्याआधी त्या जागेची नोंद करा. कशी करायची ते शेवटी सांगते.

आता मुद्द्याची गोष्ट. मी मघापासनं सांगते की बांबू घ्या, कारवी घ्या, गवत घ्या, लाकूड घ्या. तुमच्यातला कुणीतरी मनात म्हणत असंल, "पोरी, हे आणायचं कुठनं? गार्ड मोळी धरतो." बरोबर आहे. आपण माती सोडून पत्र्याकडं का गेलो? आवडला म्हणून? पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस भाजतो, पावसात बोललेलं ऐकू येत नाही. तरी गेलो. कारण वासा आणायला गेलं की गुन्हा, कारवी तोडली की दंड, गवत कापलं की कोयता जप्त. पत्रा मात्र दुकानात मिळतो, त्याला परवानगी लागत नाही. आपलं घर बिघडलं ते जंगलावरचा हक्क गेला म्हणून बिघडलं.

तर हक्क काय आहे? वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये गौण वनोपजाचा हक्क आहे, आणि गौण वनोपजात बांबूचं नाव चक्क लिहिलंय. लाकूड सोडून झाडा-वेलीपासून मिळणारं सगळं त्यात येतं, म्हणजे कारवी आली, गवत आलं. निस्ताराचा हक्क आहे, म्हणजे घरगुती गरजेपुरतं जंगलातनं घ्यायचा. सामूहिक वनहक्क आहे, म्हणजे जंगल राखायचा, वाढवायचा आणि वापरायचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. देशात पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी ते एक गाव. पण त्या गावाची लढाई कितीतरी आधीपासनं चालू होती. त्यांनी जंगलातलं लाकूड आणून गावाचं घोटुल बांधलं होतं. वनखात्यानं ते पाडलं. गावानं पुन्हा बांधलं आणि आजूबाजूच्या गावांनी पण बांधली. एका इमारतीतनं गाव उभं राहिलं. म्हणून मी म्हणते, पर्यावरणपूरक घराची पहिली वीट म्हणजे सामूहिक वनहक्काचा दावा. तो नसंल तर हे सगळं पडद्यावरचं चित्र आहे.

हक्काबरोबर जबाबदारी पण येते. वीस घरांनी एका वर्षी मेढी तोडल्या तर जंगलाचं काय होईल ते आपल्याला कुणी शिकवायला नको. कुठल्या भागातनं किती बांबू, कुठल्या वर्षी कारवी, हे ग्रामसभेनं ठरवायचं. कारवी सात वर्षांनी फुलते आणि मरते. फुलून बी पडल्यावर तोडली तर जंगलाचं नुकसान नाही. जुनी माणसं असंच करत होती. जुनं लाकूड चांगलं असंल तर तेच पुन्हा वापरा. नवं झाड शेवटचा उपाय.

एक भीती पण काढून टाकते. पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात आपल्या जिल्ह्यातली बरीच गावं घातली आहेत. काही माणसं गावात येऊन सांगतात, "आता तुम्हाला घर बांधता येणार नाही, चूल पेटवता येणार नाही." सरकारच्या प्रारूपात बांधकामावरची बंदी आहे ती २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर. आपलं घरकुल किती? २५ चौरस मीटर. आठशे घरकुलं एकत्र केली तर एक तसलं बांधकाम होतं. आणि बंदी खाणींवर आहे. आपल्या राधानगरीत, शाहूवाडीत, चंदगडात बॉक्साइटसाठी डोंगराचे माथे कसे खरवडले ते आपण बघितलंय. मग भीती कुणाला असायला पाहिजे आणि दाखवतायत कुणाला, तुम्हीच विचार करा.

घरकुलाचं पण सांगते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या केंद्राच्या नियमात सपाटीला १ लाख २० हजार आणि डोंगरी भागाला १ लाख ३० हजार, शिवाय रोजगार हमीतनं सुमारे ९० दिवसांची मजुरी आणि संडासाचे वेगळे. घर ज्याचं त्यानं बांधायचं, सरकारनं ठेकेदार नेमायचा नाही, असं नियमातच आहे. तरी वाडीवर ठेकेदार फिरतो आणि "सगळ्यांचं मी बघतो" म्हणतो. त्याला विचारा, कुठल्या नियमानं? आणि पक्कं घर म्हणजे काय, तर नीट देखभाल केली तर ऊन-वारा-पाऊस सोसून निदान ३० वर्षं टिकणारं. त्यात स्लॅबच पाहिजे असं कुठंही नाही. उलट केंद्राच्याच ग्रामविकास खात्यानं 'पहल' नावाचं पुस्तक काढलंय, त्यात वेगवेगळ्या राज्यांतल्या स्थानिक सामानाच्या घरांचे नमुने आहेत. इंजिनिअर नाही म्हणाला तर ते पुस्तक मागा, आणि नाही म्हणतोय ते लेखी द्या म्हणा.

आता माझं शेवटचं. गावात गेल्यावर करायची कामं :

१. प्रत्येक वाडीतल्या जुन्या घरांची, पडक्या जोत्यांची, उखळांची, विहिरींची, देवाच्या जागांची यादी वनहक्क समितीनं करायची. जोत्याची लांबी-रुंदी, कुणी बांधलं, तिथं कोण जन्मलं, हे लिहायचं. फोटो काढायचा, फोटोत गावातलं माणूस उभं पाहिजे.

२. घर पाडायचं असंल, पडलं असंल किंवा धोक्यामुळं सोडायचं असंल, तर आधी पंचनामा. ग्रामसभेचा ठराव, पंचांच्या सह्या, आणि दोन म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब. कौलं न्या, वासे न्या, पण जोत्याचे दगड तिथंच राहू द्या.

३. घरकुल मंजूर होण्याआधी जुन्या घराचा फोटो सरकारी मोबाईलवर काढतात. त्या फोटोची प्रत मागून घ्या आणि दाव्याला जोडा.

४. दावा नाकारला तर कारणासह लेखी पत्र घ्या. ६० दिवसांत वरच्या समितीकडं अपील करता येतं. आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला जागेवरनं उठवता येत नाही, हे कलम ४ मध्ये आहे.

५. सामूहिक वनहक्काचा दावा नसंल तर ह्या उन्हाळ्यात घालायचा. त्यात बांबू, कारवी, गवत, दगड-माती, काय काय वापरतो ते नावानिशी लिहायचं.

६. प्रत्येक तालुक्यात एक घर आपण श्रमदानानं नवीन पद्धतीनं बांधून दाखवायचं. उंच जोतं, मोठी वळचण, धुराड्याची चूल. बघितल्याशिवाय पाहुण्यांना पटणार नाही, आणि आपल्या पोरांना पण.

आमच्या अपिलाचं काय झालं असं मघाशी एका मामानं विचारलं. अजून निकाल नाही. पण गेल्या पावसाळ्याआधी आम्ही वर गेलो होतो. घाणेरी तोडली. जोत्याच्या जागी जमिनीत दगडांची रांग अजून दिसते, वरचे थर आम्ही नेले पण पायातले राहिले होते. कातळात कोरलेलं उखळ आहे तिथंच आहे. आजीला उचलूनच वर नेली होती. ती उखळाजवळ बसली आणि कुठं चूल होती, कुठं बाळंतिणीची खाट होती, कुठं बैल बांधायचे, सगळं हातानं दाखवलं. ते आम्ही लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला, सगळ्यांचा फोटो काढला. अपिलाला जोडला.

ती मावशी मला पुन्हा भेटली तर मी तिला सांगणार आहे की, मावशे, सरकारला ३० वर्षं टिकणारं घर पक्कं वाटतं. आमच्या आजीच्या घराला तीस वर्षं किती वेळा झाली ते मोज. फॉर्मवरचा शब्द बदलायचा असंल तर आपल्यालाच बदलावा लागंल.

आणि परत जाताना एस.टी.त बसलात की शेजारच्याला सांगा, आपलं जोतं मोडू नका.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!

जिंदाबाद. जोहार.